कोवळ्या हाडांचं वेळापत्रक

रस्ता ओलांडताना आईनं दोन वर्षांच्या मुलीचा हात धरलेला असतो. रिक्षा अगदी अंगावर येते, आई तो हात खसकन ओढते आणि मुलगी कळवळून रडते. पाच मिनिटांत रडणं थांबतं, पण तो हात काही ती उचलत नाही. कोपर जरासं वाकवून, तळवा खाली करून, अंगाशी धरून ठेवते. बिस्कीट पुढे केलं तर दुसऱ्या हातानं घेते. घरात धावपळ उडते. कोणी म्हणतं हात निखळला, कोणी म्हणतं लकवा मारला.

आमच्या ओपीडीत अशी मुलगी आली की मी तिच्याशी गप्पा मारत कोपराच्या बाहेरच्या बाजूला अंगठा ठेवते, तळवा वर फिरवते आणि कोपर वाकवते. अंगठ्याखाली बारीकशी 'टक्' जाणवते. मुलगी एकदा किंचाळते. दहा मिनिटांनी बाहेरच्या बाकावर त्याच हातानं आईची वेणी ओढत बसलेली दिसते. एक्स-रे नाही, प्लास्टर नाही, औषधही नाही.

हे होतं कारण कोपरापुढच्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचं हाड कोपरापाशी एका कड्यासारख्या बंधानं धरून ठेवलेलं असतं. लहानपणी हे कडं सैल असतं. हात ताणून ओढला की ते हाडाच्या डोक्यावरून घसरतं आणि सांध्यात अडकतं. पाच वर्षांचं होईपर्यंत कडं आवळत जातं आणि मग हा प्रकार सहसा होत नाही. मुलाला उचलायचं ते काखेत हात घालून, मनगटाला धरून नव्हे, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं तरी पुरे. मात्र मूल पडलं असेल किंवा कोपराला सूज असेल, तर हा उपाय घरी करून पाहू नये. तिथे हाड मोडलेलं असू शकतं.

आमच्या शाखेचं नावच मुलांवरून पडलेलं आहे. पॅरिसमधले वैद्य निकोलस आंद्री यांनी १७४१ मध्ये, ऐंशी पार केल्यावर, एक पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्यांनी 'सरळ' आणि 'मूल' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून 'ऑर्थोपेडी' हा शब्द घडवला. पुस्तकात एक चित्र आहे: वाकडं वाढलेलं झाड आणि त्याला दोरीनं बांधलेला सरळ खांब. अस्थिरोगतज्ज्ञांच्या कितीतरी संघटनांच्या बोधचिन्हावर आजही ते झाड दिसतं. झाड वाढतंय, म्हणूनच त्याला वळण लावता येतं. आणि वाढतंय म्हणूनच, लक्ष दिलं नाही तर वाकडेपणही त्याच्याबरोबर वाढतं.

मुलाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक चकती असते. हाड लांबीला वाढतं ते तिथून. एक्स-रेमध्ये ती काळ्या रेघेसारखी दिसते आणि नातेवाईक घाबरून विचारतात, "डॉक्टर, इथे तुटलंय ना?" तुटलेलं नसतं, तिथेच वाढ चाललेली असते. मुलींमध्ये साधारण चौदाव्या-पंधराव्या वर्षी आणि मुलांमध्ये सोळाव्या-सतराव्या वर्षी या चकत्या बुजतात आणि उंची थांबते. हाडावरचं आवरणही मुलांमध्ये जाड आणि रक्तानं भरलेलं असतं. त्यामुळे कोवळं हाड कित्येकदा पूर्ण तुटत नाही, ओली फांदी मोडावी तसं एका बाजूनं चिरतं आणि दुसऱ्या बाजूनं नुसतं वाकतं. जुळतंही भराभर. मोठ्या माणसाचं मांडीचं हाड जुळायला काही महिने लागतात, नवजात बाळाचं दोन-तीन आठवड्यांत जुळतं. मनगटाजवळ थोडं वाकडं जुळलेलं हाड वाढता वाढता आपोआप सरळ होतं. पीळ बसलेला असेल तर मात्र तो वाढीनं सुटत नाही. आणि चकतीलाच इजा झाली, तर हाड आखूड किंवा तिरकं वाढण्याची भीती राहते. म्हणून मुलाचं फ्रॅक्चर जुळल्यावरही वर्षभर मधूनमधून दाखवायला या असं आम्ही सांगतो, आणि दुखणं थांबलेलं असल्यामुळे बहुतेक लोक येत नाहीत.

मुलांच्या हाडांचं असं एक वेळापत्रक असतं. काही गोष्टी वेळेनं सुधारतात आणि काही वेळेनंच बिघडतात. घरोघरी माझ्या डोळ्यांसमोर होतं ते नेमकं उलटं: जिथे थांबायचं तिथे घाई, आणि जिथे घाई करायची तिथे 'मोठं झालं की होईल'.

थांबण्याजोग्या गोष्टी आधी सांगते. दीड वर्षाच्या मुलाचे पाय फेंगडे असतात. आजी म्हणते, लवकर उभं केलं म्हणून झालं, किंवा लंगोट जाड बांधला म्हणून. दोन्ही कारणं खरी नाहीत. दोन वर्षांपर्यंत सगळ्याच मुलांचे पाय थोडे धनुष्यासारखे असतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तेच पाय उलट्या बाजूला जातात, गुडघ्याला गुडघा लागतो आणि घोटे लांब राहतात. सात-आठ वर्षांपर्यंत पाय मोठ्या माणसासारखे होतात. बूट नको, पट्टे नकोत, मालिशवालीनं पाय ओढून सरळ करणं तर नकोच.

सपाट पायांचंही तसंच. लहान मुलाच्या तळव्याखाली चरबीची गादी असते आणि सांधे लवचीक असतात, म्हणून कमान दिसत नाही. मुलाला चवड्यांवर उभं करून पाहा. कमान उमटली तर पाय निरोगी आहे. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी चार ते तेरा वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि १९९२ मध्ये निष्कर्ष छापला. चपला-बूट घालणाऱ्यांमध्ये सपाट पाय ८.६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांमध्ये फक्त २.८ टक्के निघाले. सपाट पायासाठी महागडे बूट विकणाऱ्या दुकानात शिरण्याआधी हे दोन आकडे आठवावेत. अंगणात, गच्चीवर, वाळूत मुलाला अनवाणी खेळू द्यावं.

आणि रात्रीचे दुखणारे पाय. चार ते दहा वर्षांचं मूल दिवसभर हुंदडतं आणि झोपेच्या वेळी पोटऱ्या, मांड्या दुखतात म्हणून रडतं. आई तेल लावून चोळते, मूल झोपतं आणि सकाळी पुन्हा हुंदडायला तयार. यांना वाढीच्या कळा म्हणतात, जरी वाढीशी त्यांचा थेट संबंध असल्याचं दिसलेलं नाही. त्या निरुपद्रवी असतात, पण काही अटींवर: दुखणं दोन्ही पायांत हवं, सांध्यात नको, चोळल्यावर बरं वाटायला हवं आणि सकाळी लंगडणं नको. रोज एकच पाय दुखत असेल, ताप, सूज, वजन कमी होणं, चेहरा पांढरा पडणं यांपैकी काही असेल, तर रक्ततपासणी आणि एक्स-रे टाळू नये. रक्ताचा कर्करोगसुद्धा मुलांमध्ये कधीकधी हाडदुखीच्या रूपानं पहिल्यांदा डोकावतो.

फेंगड्या पायांतही एक खडा निवडून काढावा लागतो, तो म्हणजे मुडदूस. दोन वर्षांनंतरही पाय वाकतच चालले असतील, मनगटाची हाडं रुंद होऊन जणू दुहेरी दिसत असतील, बरगड्यांवर मण्यांची माळ लागत असेल, टाळू उशिरापर्यंत भरत नसेल, मूल चालायला मागे पडत असेल, तर हा वयाचा फेंगडेपणा नव्हे. ड जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम कमी पडल्यामुळे वाढीच्या चकतीत क्षार भरत नाहीत आणि हाड मऊच राहतं. उन्हाच्या देशात हे कसं, असं लोक विचारतात. फ्लॅटच्या काचेतून आलेल्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण जवळजवळ नसतातच. पहाटेच्या कोवळ्या उन्हातही ते फार कमी असतात. आईच्या दुधातही हे जीवनसत्त्व पुरेसं नसतं, म्हणून पहिल्या वर्षी बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला बालरोगतज्ज्ञ सांगतात. कॅल्शियमसाठी आपल्याकडे दूध आहे, तशी नाचणीही आहे: शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम. मुडदुसाचं निदान लवकर झालं तर औषधांनी महिन्यांच्या हिशेबात वाकलेले पाय सरळ होताना दिसतात, शस्त्रक्रियेशिवाय. काही मुलांमध्ये मूत्रपिंडातून फॉस्फरस वाहून जातो आणि त्यामुळे मुडदूस होतो. ड जीवनसत्त्वाच्या नुसत्या मात्रेनं तो हटत नाही. म्हणून दुकानातून पुड्या आणून मनानं देत राहू नये. त्या जास्त झाल्या तर अपायही होतो.

आता जिथे तास मोजायचे असतात ते. आंब्याच्या झाडावरून, झोपाळ्यावरून, गच्चीच्या जिन्यावरून पाच-सात वर्षांचं मूल हात टेकून पडतं आणि कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडतं. या वयात कोपराचं सर्वांत जास्त आढळणारं फ्रॅक्चर हेच. हाताला रक्त पुरवणारी मुख्य धमनी तिथून अगदी चिकटून जाते. अशा मुलाला गावातल्या हाडं बसवणाऱ्याकडे नेतात. तो लेप लावतो, बांबूच्या कामट्या लावून कापडानं घट्ट आवळतो. आत सूज वाढत असते आणि बाहेर बांध हलत नाही. स्नायूंचा रक्तपुरवठा थांबतो. सहा तासांत स्नायू मरायला लागतात. मग बोटं आखडतात, मनगट खाली वाकतं आणि पंजा गरुडाच्या नखांसारखा होतो. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं, ती आजही त्यांच्याच नावानं ओळखली जाते. असे हात मी पाहिले आहेत. आठ वर्षांच्या एका मुलाला पेन्सिल धरता येत नव्हती, तो दोन्ही मनगटांच्या मध्ये ती दाबून लिहायला शिकला होता. फ्रॅक्चर मात्र उत्तम जुळलं होतं.

हाडं बसवणाऱ्या माणसांबद्दल मला राग नाही. पिढ्यान् पिढ्या त्यांनी गावाला सांभाळलं आहे, आणि रात्री दोन वाजता तेच दार उघडतात. पण कोपर ही त्यांची जागा नव्हे. बांध कोणाचाही असो, हॉस्पिटलचं प्लास्टरही असो, बोटं पांढरी किंवा निळसर पडली, मूल सतत वाढत्या वेदनेनं रडू लागलं, बोटं हळूच सरळ केल्यावर किंचाळलं, तर बांध त्याच क्षणी सैल करायचा आणि हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट पाहायची नाही.

तशीच घाई ताप आणि लंगडणं एकत्र आलं तर. सर्दी-खोकल्यानंतर चार-पाच वर्षांचं मूल खुबा दुखतो म्हणून लंगडतं, ताप फारसा नसतो, आठवड्या-दोन आठवड्यांत बरं होतं. ही सांध्याची तात्पुरती सूज. पण ताप जोरात असेल आणि मूल पाय टेकवतच नसेल, तर सांध्यात पू झाला आहे असं धरून चालायचं. पू खुब्यातली कूर्चा काही दिवसांत खाऊन टाकतो. तान्ह्या बाळात तर ताप असेलच असंही नाही. लंगोट बदलताना बाळ कळवळतं आणि एक पाय हलवत नाही, एवढीच खूण असते.

खुब्याची आणखी एक फसवी सवय सांगायला हवी. खुबा बिघडलेला असतो आणि मूल गुडघा दुखतो म्हणतं, कारण दोन्हीकडची जाणीव काही समान मज्जातंतूंतून जाते. गुडघ्याचा एक्स-रे चांगला येतो, घरचे निर्धास्त होतात. तिकडे चार ते आठ वर्षांच्या मुलाच्या मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. या आजाराला पर्थेस म्हणतात. १९१० च्या सुमारास तीन देशांतल्या तीन डॉक्टरांनी तो वेगवेगळा ओळखला होता. किंवा बारा-तेरा वर्षांच्या अंगानं भरलेल्या मुलाच्या खुब्यातली वाढीची चकती सरकलेली असते. म्हणून मूल गुडघ्यावर बोट ठेवत असलं तरी तपासणाऱ्यानं खुबा हलवून पाहायलाच हवा.

खुबा जन्मतःही सैल असू शकतो. मुलींमध्ये, पहिलटकरणीच्या बाळात, पायाळू बाळात याचं प्रमाण जास्त. लंगोट बदलताना एक मांडी दुसरीइतकी बाहेर उघडत नाही, मांडीच्या वळ्या सारख्या नसतात, एक पाय आखूड वाटतो. सहा महिन्यांच्या आत सापडला तर पट्ट्यांचा एक साधा साज घालून बहुतेक बाळं बरी होतात. चालायला लागल्यावर बदकासारखी डुलत चाल दिसली, की शस्त्रक्रियेची वेळ आलेली असते. आपल्याकडे न्हाऊ घालणारी बाई बाळाचे पाय जोडून, ओढून, सरळ करून दुपट्यात करकचून बांधते. हाच प्रकार जपानमध्येही होता. तिथे १९७५ च्या सुमारास एक मोहीम निघाली आणि तिचा रोख मुद्दाम आज्यांकडे ठेवला: बाळाचे पाय सरळ बांधू नका. काही वर्षांत खुबा निखळलेल्या बाळांची संख्या झपाट्यानं उतरली. आपल्याकडे जमेची बाजू अशी की तेच बाळ थोडं मोठं झालं की कडेवर बसतं, दोन्ही पाय फाकवून, गुडघे वाकवून. खुब्याच्या वाटीला याहून चांगली बैठक नाही. दुपट्यात हात बांधा हवे तर, पाय मात्र बेडकासारखे मोकळे राहू द्या.

स्नायूंच्या आजारांत एक दृश्य शिक्षकांनी आणि अंगणवाडी ताईंनी ओळखावं असं मला फार वाटतं. चार-पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना आधी ओणवा होतो, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकवत जणू स्वतःच्याच अंगावर चढून उभा राहतो. इंग्लंडमधले डॉक्टर गॉवर्स यांनी १८७९ मध्ये नोंदवलेली ही खूण. पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या भरलेल्या दिसतात, आणि घरचे कौतुकानं दाखवतात. ही लक्षणं ड्यूशेनची असतात. हा मुलग्यांना होणारा स्नायूंचा आनुवंशिक आजार. रक्तातली सीपीके ही एक स्वस्त तपासणी संशय पक्का करते. आजार आज पूर्ण बरा होत नाही, पण स्टिरॉइड आणि व्यायामानं चालण्याची वर्षं वाढतात. शिवाय पुढच्या गरोदरपणाआधी आईला सल्ला मिळू शकतो. निदानाला उशीर झाला म्हणून एकाच घरात दोन भाऊ याच आजाराचे, हे मी पाहिलं आहे. त्या आईशी बोलताना शब्द सापडत नाहीत.

संधिवात म्हाताऱ्यांचा, हाही एक गैरसमज. सोळा वर्षांखालच्या मुलाचा सांधा सहा आठवड्यांहून जास्त सुजलेला असेल आणि सकाळी आखडत असेल, तर तो बालसंधिवात असू शकतो. यात डोळ्यांच्या आत न दुखणारी, लाल न करणारी सूज येऊ शकते. म्हणून गुडघा बरा असला तरी डोळ्यांची तपासणी ठरल्या वेळी करून घ्यावी लागते.

पण ज्या आजारासाठी मी बुधवारची वाट पाहते तो वेगळाच आहे. जन्मतः पाऊल आत आणि खाली वळलेलं, तळवा तळव्याकडे पाहतोय. हजारात एक-दोन बाळं अशी जन्मतात, मुलींपेक्षा मुलगे दुप्पट. आणि पहिला प्रश्न आईच्या तोंडून नव्हे, तिच्या सासूच्या तोंडून येतो: ग्रहणात काही चिरलं होतंस का? नाही हो, कोणी काही चिरलेलं नसतं. हा आईचा दोष नाही, हे मी पहिल्या भेटीत घरच्या सगळ्यांसमोर आणि मोठ्यानं सांगते.

बुधवारी सकाळी वऱ्हांड्यात बादल्या मांडलेल्या असतात. आया मांडीवर बाळ घेऊन कोमट पाण्यात मागच्या आठवड्याचं प्लास्टर भिजवतात, ओल्या चुन्यासारखा वास पसरतो. प्लास्टर उतरल्यावर सात दिवसांचा मळ निघतो, पाय लालसर, मऊ. आईला तेवढ्या वेळात तो पाय धुवायला, कुरवाळायला मिळतो. मग बाळ दुधाला लागलेलं असतानाच मी पाऊल हातात घेते. आधी अंगठ्याची बाजू उचलायची, मग घोट्यापुढचं एक हाड अंगठ्यानं टेकून धरायचं आणि त्याभोवती सगळं पाऊल हळूहळू बाहेर फिरवायचं. टाच ओढायची नाही. जेवढं आलं तेवढं, मांडीपासून बोटांपर्यंत नवं प्लास्टर. पाच-सात आठवड्यांत पाऊल फिरतं. बहुतेकांना शेवटी टाचेची शीर जागा बधिर करून छोट्या छेदातून सोडवावी लागते. तीन आठवड्यांत ती लांब होऊन पुन्हा जुळते.

ही पद्धत इग्नासिओ पोन्सेती यांची. १९१४ मध्ये स्पेनच्या मिनोर्का बेटावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. यादवी युद्धात जखमींना डोंगर ओलांडून फ्रान्सला नेलं, तिथून मेक्सिको आणि १९४१ मध्ये अमेरिकेतलं आयोवा. त्या काळी अशा पायांवर मोठ्या शस्त्रक्रिया होत, आणि तरुणपणी ते पाय ताठ होऊन दुखत. पोन्सेतींनी १९६३ मध्ये आपले निकाल छापले, तेव्हा फारसं कोणी ऐकलं नाही. नव्वदच्या दशकात पालकांनीच एकमेकांना सांगत ही पद्धत पसरवली. तेव्हा ते ऐंशी ओलांडून गेले होते, आणि २००९ पर्यंत, पंचाण्णवव्या वर्षापर्यंत, काम करत राहिले.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरमधून झाली. जन्मतः वाकडी पावलं, निखळलेला खुबा, मुडदूस हे तिन्ही त्याच्या यादीत आहेत. अंगणवाडीत आणि शाळेत येणारं तपासणी पथक मूल पुढे पाठवतं, उपचार मोफत होतात.

खरी कसोटी प्लास्टर संपल्यावर लागते. दांडीला जोडलेले दोन बूट तीन महिने दिवसाचे तेवीस तास, आणि मग चार वर्षांचं होईपर्यंत रोज रात्री घालायचे. पाय सरळ दिसत असतो, मूल रडत असतं, पाहुणे म्हणतात, कशाला छळता लेकराला. पाऊल पुन्हा वळलं, तर त्याचं कारण जवळजवळ नेहमी बूट सुटणं हेच असतं. ज्या आया चार वर्षं ते बूट रात्रीमागून रात्री बांधतात, त्यांच्यापुढे माझं काम छोटं आहे.

मागच्या महिन्यात अशीच एक आई बुटांची दांडी परत द्यायला आली. आमच्या कपाटात असे धुऊन पुसून ठेवलेले जोड असतात, लागेल त्या मापाचे पुढच्या बाळाला जातात. तिचा पाच वर्षांचा मुलगा वऱ्हांड्यात धावत होता. बादलीशी बसलेल्या एका नव्या आईनं त्याला थांबवलं आणि विचारलं, "तुझा कुठला पाय वाकडा होता रे?" एका पायाची पोटरी किंचित बारीक होती, ती मला दिसत होती. त्यानं एक पाय उचलून पाहिला, मग दुसरा उचलून पाहिला, आणि आईकडे वळून विचारलं, "आई, कुठला गं?"